वाट पाहणारं मॉड्यूल

सॉल रोहेकर आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा सोसायटीत ते कोणालाच फारसे आवडले नाहीत. पहिल्याच मीटिंगला ते उभे राहिले आणि म्हणाले, "टाकीतला फ्लोट चुकीच्या बाजूला बसवलाय. तुमची मोटर जळणार." सेक्रेटरींनी नम्रपणे सांगितलं, की फ्लोट कंपनीच्या माणसाने बसवला आहे. काका म्हणाले, "मग जळली की कंपनीला बोलवा," आणि खाली बसले. मोटर अजून जळलेली नाही. काका म्हणतात, जळेल.

ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. जन्म, शाळा, लग्न सगळं जुन्या पनवेलमध्ये. पायऱ्या चढवेनात म्हणून तिथलं घर विकून विचुंब्याला लिफ्टच्या इमारतीत आले. त्यांच्या नात्यातली बहुतेक माणसं कधीच इस्रायलला गेली. मुलगा यायर अश्दोदला असतो, त्याची मुलगी ओर्ली फोनवर आजोबांशी तोडक्यामोडक्या मराठीत बोलते. तुम्ही का नाही गेलात, असं मी एकदा विचारलं.

"गेलो होतो की. महिनाभर राहून आलो. तिथल्या समुद्राला भरती नाही हो," ते म्हणाले. "दोन विती वर, दोन विती खाली. असल्या पाण्याकाठी बसून मी करू काय?"

"समुद्राचं नुसतं निमित्त," आतून त्यांच्या बायकोचा, जोकबेदकाकूंचा आवाज आला. "तिथे यांचं ऐकून घ्यायला कोणाला वेळ नव्हता."

भरतीचं त्यांना वेड होतं, कारण नोकरीच ती केली. बंदराच्या सर्वेक्षणात ते भरती-ओहोटीची नोंद घेणारी यंत्रं सांभाळायचे. समुद्राला जोडलेली एक विहीर, विहिरीत तरंगता डबा, डब्याला तार, तारेच्या टोकाला पेन, आणि पेनखाली अखंड फिरणारं कागदाचं रीळ. उधाणाची भरती असो की भांगाची, पेन चालत राहायचं. पुढे पेन गेलं आणि त्या जागी कॉम्प्युटर आला. पण नियम तोच राहिला: नोंद खंडित होता कामा नये. समुद्र थांबत नाही, तर यंत्र थांबवायचा आपल्याला अधिकार काय?

मी एम.एस्सी. केमिस्ट्री. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं शाळेत शिकवत होते, म्हणून काका मला 'बाई' म्हणतात. शिकवणं सोडलं ते मितालीसाठी. माझी मुलगी जन्मापासून पाहू शकत नाही. त्याची आम्हाला सवय झाली होती. ती कानांनी शिकली, कॉलेज केलं, कॉम्प्युटर तिला वाचून दाखवायचा आणि ती ऐकायची. पण गेल्या काही वर्षांत तिचं ऐकूही कमी होत गेलं. कानाचं मशीन लावूनही कॉम्प्युटरचा आवाज तिला पाण्याखालून आल्यासारखा येतो. डाव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने बोललं तर शब्द कळतात, तेही ओळखीच्या माणसाचे. मग उरली बोटं.

बोटांसाठी तिच्याकडे ब्रेल डिस्प्ले आहे. की-बोर्डाएवढी पट्टी. तिच्यावर बारीक टाचण्या एका ओळीत वर येतात, ठिपक्यांची अक्षरं होतात, ती वाचली की खाली जातात आणि पुढची ओळ वर येते. मिताली त्यावर पुस्तकं वाचते, फोनवर आलेले मैत्रिणींचे मेसेजही कॉम्प्युटरमार्फत त्यावरच वाचते. समोरच्याने कॉम्प्युटरवर टाइप केलं की तिच्या बोटांखाली ते उमटतं आणि ती तोंडाने उत्तर देते. ती पट्टी चालू असते तेव्हा माझी मुलगी जगात असते. पट्टी बंद पडली, की मिताली कुठे असते हे मला अजूनही विचारवत नाही.

पट्टी जुनी होती, परदेशातल्या एका संस्थेकडून भेट आलेली. बनवणारी कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. जुन्या लॅपटॉपवर ती चालायची. तो लॅपटॉप मरायला टेकला म्हणून नवा घेतला, तर नव्याने पट्टीला ओळखच दिली नाही. खारघरचा दुकानदार म्हणाला, "आंटी, ये भंगार में डालो." मितालीला ते ऐकू आलं नाही, एवढंच बरं झालं.

त्या दिवशी लिफ्टमध्ये मी ती पट्टी छातीशी धरून उभी होते. सॉलकाका शेजारी भाजीची पिशवी घेऊन. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मेलंय की नुसतं बोलत नाही?"

"जुन्या लॅपटॉपशी बोलतं. नव्याशी नाही."

"मग मेलेलं नाही. भाषा विसरलेत नवीन लोक." आमचा मजला आला तरी त्यांनी दार धरून ठेवलं. "दोन्ही लॅपटॉप घेऊन वर या. आणि मुलीलाही आणा. वस्तू तिची आहे."

पुढचे काही आठवडे आमचं घर अर्धं वरच होतं. काका जुना लॅपटॉप आणि पट्टी एकमेकांना जोडायचे आणि तारेतून दोघं काय बोलतात ते नव्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायचे. मिताली एकेक कळ दाबायची, काका आकड्यांच्या रांगा बघत बसायचे. जोकबेदकाकू मधूनच नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा आणायच्या. हा त्यांच्या सणाचा गोड पदार्थ. मितालीची बोटं तेलकट होतील म्हणून काका तिला काट्याने खायला लावायचे.

मी त्यांना विचारलं, की तुम्ही नेमकं काय लिहिताय. मला वाटलं होतं ते टाळतील. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"बाई, तुमच्या देवळात गाभारा असतो ना?"

"असतो."

"तिथे कोण जातं?"

"पुजारी. बाकीचे बाहेर."

"कॉम्प्युटरलाही तसा गाभारा असतो. कर्नेल म्हणतात. पडदा, की-बोर्ड, डिस्क, तारा, सगळ्यांशी बोलायचा हक्क फक्त त्याला. बाकीचे प्रोग्रॅम बाहेर रांगेत उभे. काही हवं तर दारातून मागायचं. पूर्वी हा गाभारा एकदा बांधला की बांधला. नवीन वस्तू जोडायची तर सगळा पाडून पुन्हा बांधा, यंत्र बंद करा, पुन्हा चालू करा. आमच्या खात्यात ते चालण्यासारखं नव्हतं. नवा सेन्सर आला, विकणारे म्हणाले, मशीन बंद करावं लागेल. आमचे साहेब म्हणाले, मग आधी समुद्र बंद करून या."

"मग?"

"मग मी मॉड्यूल शिकलो." हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली आला. "कर्नेलचाच एक तुकडा, पण वेगळा ठेवलेला. लागेल तेव्हा चालत्या यंत्राच्या गाभाऱ्यात सरकवायचा. आत गेला की तो परका राहत नाही. गाभाऱ्याला जे हक्क, ते सगळे त्याला. काम झालं की काढून घ्यायचा. आणि या सगळ्यात एक क्षणही काही थांबत नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा बाहेर उधाण होतं. मी सेन्सरचं मॉड्यूल आत घातलं, आणि भरतीची रेघ तशीच पुढे चालत राहिली, बाई. तुटली नाही. मी अंगात कापरं भरल्यासारखा बसून होतो."

मी विज्ञान शिकवलेली बाई आहे. अणूचं चित्र फळ्यावर काढताना मला कधी असं झालं होतं का, हे आठवायचा मी प्रयत्न केला.

"आणि त्या तुकड्यात चूक असली तर?"

"तर तीसुद्धा गाभाऱ्यात. तिला आवरायला वर कोणी नसतं."

एका दुपारी त्यांनी एक ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं. मिताली पट्टीवर हात ठेवून बसली होती. मला काहीच दिसलं नाही, पण तिच्या खांद्यातून काहीतरी गेलं. टाचण्या वर आल्या होत्या. काकांनी दोन बोटांनी पुढे टाइप केलं. तिने वाचलं आणि हसत म्हणाली, "हो, जेवले. पण सॉलकाका, तुम्ही किती हळू टाइप करता. मध्ये झोप लागेल."

काकांनी तितक्याच हळू काहीतरी टाइप केलं.

"आई, काका म्हणतात, म्हाताऱ्या माणसाला बोलू नये, तो चुकून लॅपटॉप फॉरमॅट करतो."

त्याच दिवशी त्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. मॉड्यूल काढून टाकायची आज्ञा दिली. मिताली तेव्हा वाचत होती. पडद्यावर एक ओळ आली आणि काही झालं नाही.

"वाचा," काका म्हणाले. "वापरात आहे, असं सांगतंय. कर्नेल मोजून ठेवतो, कोणी धरलंय का. तिच्यासाठी वाचणारा प्रोग्रॅम ते धरून बसलाय तोवर, साध्या आज्ञेने मी ते काढू शकत नाही. मी लिहिलंय, मशीनचा मालक म्हणून बसलोय, तरीही नाही."

मी ती ओळ पुन्हा वाचली. माझी मुलगी वाचतेय, याची दखल त्या यंत्राच्या अगदी आतल्या खोलीत कोणीतरी ठेवत होतं. घरी येऊन मी हे मितालीच्या बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "छान आहे," आणि बेलापूरच्या ऑफिसचे मेल बघू लागले. त्यांचीही चूक नाही. ते सांगण्यासारखं नव्हतंच, तिथे बसून बघण्यासारखं होतं.

मग पुण्याचं पत्र आलं. अंध विद्यार्थ्यांसाठी ब्रेल पुस्तकं काढणाऱ्या एका संस्थेने मितालीला मुद्रितशोधनाच्या कामाला घेतलं. मुलींच्या वसतिगृहात जागाही देऊ केली. मिताली नाचायचीच बाकी राहिली. मी मात्र नाही म्हणाले.

काठी घेऊन ती पनवेलच्या बाजारात एकटी जाते, त्याला मी कधी अडवलं नाही. भीती होती ती त्या पट्टीची. पुण्याच्या खोलीत पट्टी बंद पडली तर? इथे मी आहे. तिथे ती कोणाला हाक मारेल, आणि कोणी उत्तर दिलं तर तिला ऐकू कसं येईल? रात्रभर कोणाला कळणारही नाही.

मी हे सगळं सॉलकाकांपुढे मांडलं. मिताली समोर होती, मी बोलेन ते काका तिला टाइप करून देत होते. त्यामुळे मला फार हळू रागवावं लागलं.

"माझं मॉड्यूल बंद पडत नाही," काका म्हणाले.

"आजवर पडलं नाही म्हणून?"

"म्हणून."

"ते पुरेसं नाही, काका."

त्यांना हे लागलं असावं. पण त्यांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. "बरोबर आहे. तुम्ही घरात असताना ते चालतं, हा काही पुरावा नाही. एक दिवस तुम्ही बाहेर जा. मीही जातो. ती आणि मशीन, दोघंच राहू देत. संध्याकाळी येऊन बघू."

"आणि चाललं तर पुणे?" मितालीने विचारलं. मी तिच्या डाव्या कानाशी गेले आणि म्हणाले, "चाललं तर पुणे."

जोकबेदकाकूंनी कर्नाळ्याचा बेत ठरवला. पक्षी दिसले की नाही सांगता येणार नाही, माझं लक्ष फोनवर होतं. दुपारपर्यंत मितालीचे मेसेज येत होते, की भात केला, पुस्तक वाचतेय, तू नीट जेव. मग ते थांबले. मी लिहिलं, उत्तर नाही. काका म्हणाले, "वाचत असेल." पण ड्रायव्हरला गाडी काढायला त्यांनीच सांगितलं.

घरात शिरले तर मिताली टेबलापाशी बसली होती. दोन्ही हात पट्टीवर. पट्टी सपाट.

"आई का?" ती म्हणाली. "फरशी हलली म्हणून विचारलं." मग अगदी शांतपणे, "वायर निघाली होती. मी परत लावली. तीनदा काढून लावली. काही येत नाही. लॅपटॉप बंद करायला गेले तर तो बंदही होईना, हाताला त्याची घरघर लागतच होती. म्हणून मग बसले."

किती वेळ बसली होती ते मी विचारलं नाही. मी तिच्या कानाशी वाकले. तिनेच माझ्या तोंडावर हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "रडू नकोस ना. भूक लागलीय."

सॉलकाका लॅपटॉपपुढे बसले. एकेक आज्ञा देऊन पाहिली. शेवटी बटण दाबून धरून त्यांनी मशीन जबरदस्तीने बंद केलं, पुन्हा चालू केलं, पट्टी जोडली. टाचण्या वर आल्या. सगळं ठीक. त्यांनी तिला टाइप केलं, "वाच काहीतरी." मिताली वाचू लागली. मी नेहमीसारखी तिच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने काका म्हणाले, "बाई, तुमचा हात."

"काय झालं हाताला?"

"कुठे आहे बघा."

माझा हात टेबलाच्या मागे होता, तारेच्या पिनेवर. ती पिन ढिली आहे हे मला माहीत होतं. मिताली वाचताना पट्टी जराशी मागे सरकते, पिन सुटायला येते, आणि मी ती दाबते. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही. मी शेजारी बसून पेपर वाचते, भाजी निवडते, आणि एक हात तिथे असतो.

"काढा हात," काका म्हणाले. मी काढला. मिताली दोन ओळी वाचून थांबली. टाचण्या पडल्या होत्या.

"हा तुमचा हात म्हणजेच माझं अर्धं मॉड्यूल होतं," काका म्हणाले. "मी उगाच फुशारकी मारत होतो."

"मग पिन बदलून टाकू. नवी वायर आणू."

"आणू. पण वायर कुणाचीही निघते, बाई. निघाली तर परत लावल्यावर चाललं पाहिजे. ते का चाललं नाही?" त्यांनी सुटलेली तार मितालीच्या हातात दिली. तिने लावली. काही आलं नाही. काका पडद्यावर स्वतः लिहिलेलं मॉड्यूल उघडून बसले. एकेक ओळ खाली सरकत होती. एका जागी त्यांचं बोट थांबलं.

"हे इथे," ते म्हणाले. "वाट पाहतंय."

"कोणाची?"

"पट्टीच्या उत्तराची. मी लिहिलंय, पट्टीला विचार आणि उत्तर येईपर्यंत थांब. वायर निघाली. उत्तर कुठून येणार? पण हे थांबलंय. गाभाऱ्यात बसून थांबलंय, त्याला उठवायला कोणी नाही. त्याच्यामागे वाचणारा प्रोग्रॅम अडकला. नवी वायर लागली तरी दाराशी हेच बसलंय, जुन्या उत्तराची वाट बघत. मशीन बंद होताना सगळ्यांना विचारतं, झालं का? हे म्हणतं, नाही, अजून उत्तर आलेलं नाही."

जोकबेदकाकू दारात उभ्या होत्या. "अहो, हे तर तुम्हीच," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या बोलणीला आले तेव्हा माझ्या वडिलांनी विचार करून सांगतो म्हटलं, तर हे उठेचनात. आईने शेवटी जेवायला वाढलं."

काका हसले नाहीत. "विहिरीतली यंत्रं सावकाश उत्तर द्यायची," ते म्हणाले. "कधी खारं पाणी चढायचं, कधी शेवाळ. पण द्यायचीच. घाई करून सोडून दिलं तर नोंद गेली. मी आयुष्यभर असंच लिहिलं, थांब, उत्तर येईल. इथेही हात आपोआप तेच लिहून गेला." त्यांनी मितालीकडे पाहिलं. "ती तिथे बसून राहिली आणि माझं मॉड्यूलही आत बसून राहिलं."

मितालीला आमचं बोलणं कळत नव्हतं. तिने विचारलं, "काय झालं? काका गप्प का?" पट्टी बंद होती. काका उठले, तिच्या डाव्या कानाशी वाकले आणि पहिल्यांदाच तिच्याशी मोठ्याने बोलले.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "मी दुरुस्त करतो."

"इतकं ओरडायची गरज नाही, काका," मिताली म्हणाली. "तुमचा आवाज येतो मला."

ती दुरुस्ती मी शेजारी बसून पाहिली. मला वाटलं होतं की वाट पाहण्याची मुदत घातली की झालं. काका म्हणाले, तेवढं सोपं नाही. सोडून देताना आधी हातात घेतलेलं सगळं परत करावं लागतं. अडवलेली जागा मोकळी करायची, मागे ताटकळलेल्यांना सांगायचं की उत्तर नाही, तुम्ही जा. हे उलट्या क्रमाने करायचं, शेवटी घेतलेलं आधी. एक जरी धरून ठेवलं, तर गाभाऱ्यात ते मशीन बंद होईपर्यंत तसंच राहतं. सगळं सुटलं, की मगच मॉड्यूल पुन्हा पहिल्यासारखं होतं, कोणी येईल त्याला सामोरं जायला तयार. ते एक ओळ लिहायचे, जुनं काढायचे, नवं आत घालायचे. हे सगळं चालत्या मशीनवर. मितालीने त्यावर गाणं लावलं होतं, स्पीकरवर तळहात ठेवून ती ते ऐकत होती. गाभाऱ्यात एवढी उलथापालथ चालली होती, आणि तिच्या तळहाताखालचा ठेका एकदाही चुकला नाही. मी त्या हाताकडेच पाहत होते. मला काकांचं ते उधाण आणि न तुटलेली रेघ आठवली, आणि ते कापरं म्हणजे काय ते कळलं.

झालं, तसं काकांनी स्वतः तार उपटली. टाचण्या पडल्या. लावली. मिताली म्हणाली, "आलं." पुन्हा उपटली, वाचता वाचता, लिहिता लिहिता, पट्टी चालू होतानाच. "आलं. आलं. काका, पुरे, माझा परिच्छेद होऊ द्या." त्यांनी तार मितालीच्या हातात दिली आणि तिलाही उपटायला लावली. नवी वायर त्यांनी मुद्दाम आणू दिली नाही. म्हणाले, आधी या ढिल्या पिनेवर पास होऊ दे, मग आणा.

यानंतर पुन्हा एकदा घर रिकामं करायचं ठरलं. या वेळी कर्नाळा नको, मी खालच्या बाकावर बसते म्हटलं. काकाही येऊन बसले. मितालीला सांगितलं होतं, की वायर निघाली तर परत लाव, आणि चाललं की आम्हा दोघांना मेसेज कर. वायर निघणार हे नक्की होतं, ती निघायचीच.

आम्ही बसलो. मुलं सायकली फिरवत होती. काका मला पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवून फ्लोटची चूक समजावू लागले. मी हो हो म्हणत होते. दोघांचे फोन मांडीवर, दोन्ही गप्प.

"आता निघाली असेल ना वायर?" मी विचारलं.

"एव्हाना निघालीच असेल."

"मग मेसेज?"

काकांनी फोन हातात घेऊन पाहिला. मी उठले. "बसा," ते म्हणाले. मी बसले. थोड्या वेळाने ते स्वतःच उठले. "चला," म्हणाले, आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याकडे वळले. ज्या पायऱ्यांसाठी त्यांनी जुनं पनवेल सोडलं, त्या ते चढत होते, कठडा धरून, मध्ये थांबत. मी मागून चालले. दार उघडल्यावर काय दिसेल, ते मी आधीच बघून ठेवलं होतं.

मी किल्ली लावली.

मिताली टेबलापाशी होती. तार आता पूर्वीपेक्षा वेगळी गेली होती, लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूने, मागच्या भिंतीला टेकवून. म्हणजे निघाली होती आणि तिने स्वतःच्या सोयीने पुन्हा लावली होती. तिची बोटं पट्टीवर डावीकडून उजवीकडे जात होती, ओळ संपली की परत येत होती, वेगाने, न थांबता. ओठ किंचित हलत होते. आम्ही दोघं दारात उभे होतो आणि तिला पत्ताच नव्हता. एकदा ती वाचता वाचता हसली. काय वाचलं कोण जाणे.

काका धापा टाकत होते. ते पुढे झाले आणि कॉम्प्युटरवर दोन बोटांनी टाइप केलं. तिची बोटं त्या शब्दांवर आली आणि थबकली.

"अगंबाई," ती म्हणाली. "मेसेज. विसरलेच. वायर मघाशीच निघाली होती, लावली, आणि मग इथे गोष्ट फार रंगात आली होती." तिने मान आमच्या दिशेने वळवली. "तुम्ही दोघं खाली बसून होतात?"

काका खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "विसरली."

"हो."

"आपल्याला विसरली, बाई." हे ते ज्या सुरात म्हणाले, त्या सुरात मी माणसांना फक्त देवापुढे बोलताना ऐकलं आहे.

मिताली पुन्हा वाचायला लागली होती. मी आत गेले. तिची मोठी बॅग माळ्यावर होती, जुन्या गाद्यांच्या मागे. मी स्टूल ओढलं, तर काका मागोमाग आत आले आणि म्हणाले, "चढा. स्टूल मी धरतो."